मॉलमध्ये सह्या गोळा करणं हा हक्क की आगाऊपणा? (बे एरिया, कॅलिफोर्निया)

मधुमालती
मंडळी, घरात दोन दिवस वाद चाललाय, म्हणून इथे आणतेय.

लेक अकरावीत आहे. आमच्या भागातल्या लायब्ररीला रविवारी टाळं असतं. ते उघडावं म्हणून ती आणि तिच्या तीन मैत्रिणी सिटी कौन्सिलला द्यायच्या अर्जावर सह्या गोळा करताहेत. गेल्या शनिवारी दुपारी एका मोठ्या शॉपिंग सेंटरच्या मधल्या चौकात (नाव लिहीत नाही) घडीचं टेबल मांडून उभ्या राहिल्या. पंधरा मिनिटांत सिक्युरिटीवाला हजर. "ही खाजगी जागा आहे, काय करायचं ते बाहेर फूटपाथवर करा." पोरी निमूट उठल्या. बाहेरचा फूटपाथ म्हणजे सहापदरी रस्त्याच्या कडेची पट्टी. तासाभरात एक कुत्रं फिरवणारे आजोबा आणि एक सायकलवाला, एवढीच वर्दळ. आजोबांनी सही केली. सायकलवाला थांबला नाही.

नवरा म्हणतो, दुसऱ्याच्या ओसरीवर जाऊन आपलं कीर्तन कशाला? खरं सांगू, मलाही तसंच वाटतं. सरकारने तोंड बंद केलं तर हक्काची भाषा समजते, पण मॉलवाला म्हणजे काही सरकार नव्हे. लेकीचं म्हणणं, कॅलिफोर्नियात हा हक्क आहे, सरांनी वर्गात सांगितलंय. कोण बरोबर?

टवाळ_टोणगा
सर्वप्रथम लेकीचं अभिनंदन. मॉलमध्ये जाऊन काहीही विकत न घेता, काही न खाता पंधरा मिनिटं काढणारी अकरावीतली मुलगी मी अजून पाहिलेली नाही.

सुरंगीचा_गजरा
नवऱ्याशी सहमत. जागा त्यांची, नियम त्यांचे. पुढे जा.

वकिलीण_बाई
सुरंगी, इतक्या लवकर पुढे जाऊ नका, गोष्ट मजेदार आहे. (मी इथे कॉन्ट्रॅक्टची कामं करते, त्यामुळे याला सल्ला समजू नये, गप्पा समजाव्यात.)

मधुमालती, तुमच्या लेकीची गोष्ट जवळजवळ जशीच्या तशी तुमच्याच शेजारी घडून गेली आहे. कॅम्पबेलमधलं प्रूनयार्ड शॉपिंग सेंटर. नोव्हेंबर १९७५ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने झायोनिझमला (ज्यूंच्या स्वतंत्र राष्ट्राच्या चळवळीला) वंशवाद ठरवणारा ठराव केला. त्याचा निषेध म्हणून काही हायस्कूलच्या मुलांनी शनिवारी दुपारी प्रूनयार्डच्या मधल्या चौकाच्या कोपऱ्यात पत्त्याचं टेबल टाकलं आणि राष्ट्राध्यक्ष व काँग्रेसला पाठवायच्या अर्जावर सह्या घ्यायला सुरुवात केली. दंगा नाही, गोंधळ नाही. सिक्युरिटीवाला आला, म्हणाला नियमात बसत नाही, आवारातून बाहेर व्हा. मुलं निघून गेली आणि नंतर कोर्टात गेली.

खालची दोन्ही कोर्टं मॉलच्या बाजूने. १९७९ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ असा निकाल मुलांच्या बाजूने दिला. गंमत म्हणजे याच कोर्टाने पाचच वर्षांपूर्वी नेमका उलटा निकाल दिला होता. मग मालक वॉशिंग्टनला गेला. ९ जून १९८० रोजी अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने एकमताने सांगितलं की कॅलिफोर्नियाने आपल्या राज्यघटनेत केंद्राच्या घटनेपेक्षा जास्त बोलण्याचा हक्क दिला असेल तर देऊ दे, त्याने मालकाची मालमत्ता हिरावली जात नाही. निकालपत्र लिहिलं रेनक्विस्ट यांनी, आणि ते काही डावे म्हणून ओळखले जात नव्हते.

तेव्हा सध्या लेक १, आईबाबा ०.

सदाशिव_पेठी
त्या निकालातला एक मुद्दा बाई विसरल्या. मालकाचं म्हणणं होतं, माझ्या आवारात कोणी काही बोललं तर लोकांना ते माझंच मत वाटेल. त्यावर कोर्ट म्हणालं, मग तिथे पाटी लावा की यांच्या मताशी आमचा संबंध नाही म्हणून.

थोडक्यात, अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने पुणेरी पाटीला घटनात्मक मान्यता दिलेली आहे. ऊर भरून आला.

टवाळ_टोणगा
"येथे चाललेल्या चळवळीशी आमचा संबंध नाही. विचारू नये. दुपारी १ ते ४ चळवळ बंद."

चहावाला_फ्रीमाँट
हसताय, पण दुकानदाराची बाजूही ऐका. माझं एका सेंटरमध्ये छोटं दुकान आहे. भाडं वेगळं, वर कॉमन एरियाच्या देखभालीचे पैसे दर महिन्याला वेगळे. म्हणजे त्या चौकातल्या बाकड्याचे, झाडांचे, झाडू मारणाऱ्याचे पैसे मी देतो. गिऱ्हाईक दारापर्यंत येतं आणि तिथे कोणी क्लिपबोर्ड पुढे करतं, तेव्हा दहातले चारजण वळसा घालून दुसऱ्या बाजूने जातात. हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

लायब्ररी हा गोड विषय आहे हो. उद्या कोणी रक्ताळलेले फोटो घेऊन उभा राहिला तर? की लेकीला हक्क आणि त्याला नाही?

वकिलीण_बाई
चहावाले, त्यालाही आहे. मजकूर आवडला नाही म्हणून मॉलला निवड करता येत नाही. वेळ, जागा आणि पद्धत यांचे वाजवी नियम मात्र करता येतात. आधी अर्ज करा, अमुक कोपऱ्यात बसा, वाट अडवू नका, ओरडू नका, वगैरे.

तुम्हाला अजून झोंबेल असं सांगते. सॅन डिएगोच्या फॅशन व्हॅली मॉलचा नियम होता की आवारात कोणीही दुकानांवर बहिष्काराचं आवाहन करायचं नाही. एका वर्तमानपत्राच्या कामगारांची युनियन तिथल्या डिपार्टमेंट स्टोअरसमोर पत्रकं वाटत होती, कारण ते स्टोअर त्या पेपरात जाहिराती देत असे. २००७ मध्ये कॅलिफोर्नियाच्या सुप्रीम कोर्टाने तो नियमही रद्द ठरवला. पुन्हा ४ विरुद्ध ३ च.

चहावाला_फ्रीमाँट
म्हणजे माझ्याच दारात उभं राहून "इथला चहा पिऊ नका" म्हणायचं आणि त्याच्या पायाखालची फरशी पुसायचे पैसे मी द्यायचे. छान.

सुरंगीचा_गजरा
चहा चांगला असेल तर कोण ऐकणारे?

चहावाला_फ्रीमाँट
ताई, चहा चांगलाच आहे. प्रश्न तत्त्वाचा आहे.

थंडगार
मिनेसोटाहून. आमच्याकडे असलं काही नाही, हे नोंदवतो. मॉल ऑफ अमेरिकामध्ये फरच्या कपड्यांविरुद्ध निदर्शनं करणाऱ्यांवर ट्रेसपासची (परक्याच्या जागेत घुसल्याची) केस झाली होती. १९९९ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने सांगून टाकलं की ही खाजगी जागा, इथे तुम्हाला घटनेने दिलेला बोलण्याचा हक्क नाही. मॉल उभारताना सरकारी पैसा लागला होता तरीही नाही. पुढे २० डिसेंबर २०१४ ला, ख्रिसमसच्या आधीच्या शनिवारी, ब्लॅक लाइव्हज मॅटरवाल्यांनी तिथल्या रोटुंडात मोठं आंदोलन केलं, तेव्हाही पकडापकडी आणि खटले झालेच.

आता बाहेरचं सांगतो. डिसेंबरमध्ये इथे उणे वीस असतं. "बाहेर फूटपाथवर करा" म्हणजे काय, ते इथे येऊन बघा. आमचा सगळा हिवाळा मॉलच्या आत जातो. म्हातारी माणसं सकाळी आत चालायला येतात. ओळखीची माणसं भेटतात ती तिथेच. गावाचा पार म्हणाल तर तोच, फक्त त्याला मालक आहे.

परळचा_पोऱ्या
थंडगारने पार म्हटलं आणि मला राहवेना.

वडील लोअर परळला गिरणीत होते, साच्यावर (मागावर). लहानपणी मी गेट मीटिंगा पाहिल्यात. पाळी सुटायच्या वेळी गिरणीच्या दाराशी एक स्टूल, त्यावर पुढारी, भोंगा वाजला की हजारेक माणूस बाहेर येता येता थांबायचं. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांचा संप सुरू झाला, अडीच लाख माणूस, तो काही टीव्हीवर ठरला नव्हता. दारादारांवर ठरला. पत्रक हातात पडायचं, वाचता न येणाऱ्याला शेजारचा वाचून दाखवायचा.

आता तिथे काय आहे सगळ्यांना माहीत आहे. फिनिक्स मिल होती तिथे फिनिक्स मॉल. वडिलांना एकदा नेलं होतं. तपासणीच्या कमानीतून जाताना त्यांनी सवयीने दोन्ही हात वर केले. गिरणीतून सुटताना झडती व्हायची तसे. सिक्युरिटीचा पोरगा हसला. मग आत बाकड्यावर बसून ते बराच वेळ माणसं बघत होते. म्हणाले, "एवढी माणसं एका जागी, आणि कुणी कुणाशी बोलत नाही."

रानजाई
पोऱ्या, शेवटचं वाक्य वाचून थांबले थोडा वेळ.

सदाशिव_पेठी
पोऱ्या, लिहिलंय सुंदर, पण तर्कात एक भोक आहे. गेट मीटिंग गेटच्या बाहेर व्हायची. म्हणजे म्युनिसिपालिटीच्या रस्त्यावर. मालकाने साचेखात्यात स्टूल ठेवू दिलं असतं का? मग ती मॉलच्या बाजूची साक्ष झाली, तुमच्या नव्हे.

परळचा_पोऱ्या
मान्य, पेठी. पण गिरणीचं दार उघडायचं कुठे? रस्त्यावर. आणि रस्त्यावर माणूस चालत होता. मधुमालतीताईंच्या मॉलचं दार पार्किंगमध्ये उघडतं, आणि पार्किंगही मालकाचंच. गाडी घरातून निघते ती मालकाच्या जागेत थांबते. सार्वजनिक जागेवर माणसाचा पाय पडतच नाही. स्टूल ठेवणार कुठे?

वकिलीण_बाई
पोऱ्या, तुम्ही जे आत्ता लिहिलंत त्यावर अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाचा १९६८ चा एक निकालच आहे. पेनसिल्व्हेनियात आल्टूनाजवळचं लोगन व्हॅली प्लाझा. तिथल्या सुपरमार्केटने युनियनचे कामगार घेतले नव्हते म्हणून युनियनने मॉलच्या आवारात बोर्ड घेऊन पिकेटिंग (निदर्शनं) केलं. मालक म्हणाला, हायवेच्या कडेला उभे राहा. म्हणजे दुकानापासून शेकडो फूट लांब, भरधाव गाड्यांना बोर्ड दाखवत. थर्गुड मार्शल यांनी निकाल लिहिला, हे चालणार नाही. त्यांनी आधार घेतला १९४६ च्या मार्श खटल्याचा. अलाबामातलं चिकसॉ हे गाव अख्खं एका जहाजबांधणी कंपनीच्या मालकीचं, रस्तेसुद्धा. तिथे धर्माची पत्रकं वाटणाऱ्या जेहोवाज विटनेस पंथाच्या बाईला अटक झाली. कोर्ट म्हणालं, गाव कंपनीचं असलं तरी ते गावच आहे.

पण ही सोय चारच वर्षं टिकली. १९७२ मध्ये पोर्टलंडच्या लॉइड सेंटरचा निकाल आला. व्हिएतनाम युद्धाविरुद्ध पत्रकं वाटणारी मुलं, आणि ५ विरुद्ध ४ ने कोर्ट म्हणालं, बाहेरच्या फूटपाथवर वाटा. १९७६ मध्ये लोगन व्हॅली पूर्णच गुंडाळलं. म्हणून १९७९ ला प्रूनयार्डची मुलं केंद्राच्या घटनेऐवजी राज्याच्या घटनेचा दरवाजा ठोठावून आत शिरली.

लॉइड सेंटरची एक बाब मला नेहमी खटकते. तिथे माजी सैनिकांसाठी फुलं विकायला परवानगी होती, साल्व्हेशन आर्मीला होती, राष्ट्राध्यक्षपदाच्या उमेदवारांची भाषणंही झाली होती. नको होतं फक्त युद्धाविरुद्धचं पत्रक.

रानजाई
आमच्या ठाण्याच्या सोसायटीसारखं. गणपतीच्या वर्गणीचं टेबल लिफ्टसमोर चालतं, साडीचा सेल क्लबहाउसात चालतो. पाण्याच्या टँकरच्या खर्चाचा हिशेब मागणारं एक पान मी नोटीसबोर्डावर लावलं तर संध्याकाळी गायब. सेक्रेटरी म्हणाले, "बोर्ड सूचनांसाठी आहे, मतांसाठी नाही."

वकिलीण_बाई
रानजाई, कॅलिफोर्नियात असतात तरी फार फरक पडला नसता. २००१ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या एका मोठ्या निवासी संकुलात भाडेकरूंची संघटना घरोघरी पत्रक वाटत होती. तिथे कोर्टाने प्रूनयार्ड लागू केलं नाही. कारण ते आवार सगळ्या जगाला मोकळं नव्हतं. प्रूनयार्डचं सगळं वजन त्यावरच आहे. तुम्ही लोकांना "या, बसा, रमा" म्हणून बोलावता, मग त्यांनी फक्त पाकीटच उघडावं, तोंड नाही, असं म्हणता येत नाही.

चहावाला_फ्रीमाँट
बोलावतो ते चहा प्यायला. तुम्ही लग्नाला सगळ्यांना या म्हणता म्हणून कोणी मांडवात मतदारयादी वाचायची का?

टवाळ_टोणगा
आमच्याकडे आमदार येतातच की लग्नात. आहेर कमी, हात जोडणं जास्त.

नाना_न्यूजर्सी
उशिरा आलो, पण न्यू जर्सीचं कोणी बोललं नाही म्हणून. आमच्या सुप्रीम कोर्टाने १९९४ मध्ये मोठ्या प्रादेशिक मॉलमध्ये पत्रकं वाटायचा हक्क दिला. आखाती युद्धाला विरोध करणारी संघटना होती. मुख्य न्यायाधीश विलेंट्झ यांचा रोख असा की जुन्या गावांच्या मुख्य बाजारपेठा मॉलांनी ओस पाडल्या, तर त्या बाजारपेठेत जे बोलणं चालायचं तेही मॉलने सोबत घ्यायला हवं. मी स्वतः इथे चाळीस वर्षं आहे. आमच्या गावच्या मेन स्ट्रीटवर एकेकाळी चपलांची तीन दुकानं होती. आता एक नेल सलून आणि दोन रिकाम्या काचा.

पण मंडळी, एक वेगळीच पंचाईत. आता मॉलच ओस पडताहेत! आमच्या मॉलमध्ये हक्क शाबूत आहे, ऐकायला माणूस नाही. सगळे फोनवर खरेदी करतात.

सदाशिव_पेठी
आणि फोनवर बोलायचं तर तीही कोणाची तरी खाजगी जागा. टेक्सास आणि फ्लोरिडाने प्रूनयार्डचाच दाखला देऊन सोशल मीडिया कंपन्यांना मजकूर काढायला बंदी घालायचा प्रयत्न केला होता. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाने तो दाखला मानला नाही. काय ठेवायचं, काय काढायचं हे ठरवणं हेच कंपनीचं बोलणं आहे, असा सूर. चौकातल्या दुकानदाराला कोण काय बोलतं याच्याशी देणंघेणं नसतं, संपादकाला असतं.

टवाळ_टोणगा
ॲडमिन, हे वाचत असाल तर माझा मागच्या वर्षीचा उडवलेला धागा कुठल्या कलमाखाली होता?

ॲडमिन
कंटाळा.

रानजाई
:)) भारतात काय आहे पण? मॉलमध्ये पत्रक वाटलं तर?

वकिलीण_बाई
आपल्याकडे घटनेचं कलम १९ (बोलण्याचं, सभेचं स्वातंत्र्य) मुख्यतः सरकारविरुद्धचं संरक्षण. १९६९ मध्ये रेल्वे कामगारांच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जागा सरकारी आहे एवढ्याने तिथे सभा घ्यायचा हक्क मिळत नाही. १९७३ मध्ये अहमदाबादच्या खटल्यात सांगितलं की रस्त्यावरच्या सभांचं नियमन पोलिसांनी करावं, पण सरसकट तोंड बंद करता येणार नाही. आणि जानेवारी २०२३ मध्ये, कौशल किशोर खटल्यात, ४ विरुद्ध १ ने असंही म्हटलं की कलम १९ आणि २१ (जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्य) चे हक्क खाजगी व्यक्तींविरुद्धही मागता येतील. मुंबईचा मॉल आणि मधुमालतींच्या लेकीसारखी एखादी हट्टी मुलगी, या दोघांची गाठ त्यावर पडायला हवी.

परळचा_पोऱ्या
मुंबईत तोपर्यंत आझाद मैदान आहेच. शेअर टॅक्सी करून बोलायला जायचं.

सुरंगीचा_गजरा
मी पहिल्या पानावर "पुढे जा" म्हटलं होतं. परत घेते, अर्धं. मोठ्या चौकाचं पटलं. पण किराणा दुकानाच्या दाराशी क्लिपबोर्डवाले उभे असतात, एक सही द्या म्हणून मागे लागतात, त्यांना तरी हाकलता येतं की नाही? मागच्या वेळी आइस्क्रीम वितळलं माझं.

वकिलीण_बाई
येतं. दुकान एकटंच असेल, चौक-बाकडी-थिएटर असं काही नसेल तर प्रूनयार्ड लागत नाही. २०१२ मध्ये तर कोर्टाने सांगितलं की मॉलमधल्या दुकानाच्या अगदी दारापुढची पट्टीसुद्धा चौक नव्हे. माणसं जिथे बसतात, रेंगाळतात ती जागा चौक. (चहावाले, हा निकाल फ्रेम करून लावा.)

आणि एक आवडती केस सांगून झोपते. सॅक्रामेंटोजवळ रोझव्हिलच्या एका मॉलचा नियम होता की अनोळखी माणसाशी मॉलच्या धंद्याशी संबंध नसलेल्या विषयावर बोलायला जायचं नाही. २००७ मध्ये एका तरुण पाद्र्याला तीन मुलींशी देवाधर्माच्या गप्पा मारल्या म्हणून पकडलं. त्या मुली आनंदाने बोलत होत्या. २०१० मध्ये अपील कोर्टाने नियम मोडीत काढला. त्या नियमाप्रमाणे अनोळखी माणसाला "काय उकडतंय ना?" म्हणणंही बेकायदा होतं.

सदाशिव_पेठी
तो नियम चांगला होता.

मधुमालती
बाप रे, चार दिवसांत इतकं! सगळ्यांचे आभार. पुढचं सांगते.

वकिलीणबाईंचे प्रतिसाद लेकीला इंग्रजीत करून सांगितले. (तिला मराठी बोलता येतं, वाचताना ती "घटनात्मक"ला अडकते.) ती मॉलच्या ऑफिसात गेली. मॅनेजरबाईंनी अजिबात वाद घातला नाही, ड्रॉवर उघडून छापील फॉर्मच काढून दिला. म्हणजे त्यांना ठाऊक होतं, फक्त विचारल्याशिवाय सांगायचं नव्हतं. फॉर्ममध्ये नाव, दिवस, तास, किती माणसं, टेबलाचं माप, आणि पत्रकाची प्रत जोडा. नवरा इथे तापला. म्हणाला, "आधी दाखवायचं म्हणजे सेन्सॉर झालं की!" ओसरीवर कीर्तन कशाला म्हणणारा हाच.

जागा मिळाली ती मधल्या चौकात नाही. फूड कोर्टच्या मागे, स्वच्छतागृहांकडे जाणाऱ्या बोळाच्या तोंडाशी. रविवारी दोन तास. मी लांब बसून बघत होते. सह्या मिळाल्या एकोणीस. "रेस्टरूम कुठे आहे" असं विचारणारे त्याच्या दुप्पट. तिसऱ्या अर्ध्या तासात लेकीने पाठकोऱ्या कागदावर बाण काढून टेबलाला चिकटवला, खाली लिहिलं, "रेस्टरूम तिकडे. लायब्ररी रविवारी कुठेच नाही."

चौकातली जागा मागायला ती पुढच्या शनिवारसाठी परत अर्ज करतेय. मला अजून पूर्ण पटलेलं नाही, चहावाल्यांचं फरशीचं म्हणणं डोक्यात आहेच. फॉर्मवर पालकाची सही लागते. केली.

चहावाला_फ्रीमाँट
बाणाची पाटी झकास. पोरींना घेऊन या कधी दुकानात, चहा माझ्याकडून. क्लिपबोर्ड गाडीत ठेवून या.

टवाळ_टोणगा
सही करायला पेन मिळेल का तिथे?

चहावाला_फ्रीमाँट
काउंटरवर आहे. दोरीने बांधलेलं.